धागा: गूगलच्या जाहिराती, कीवर्ड आणि आपला सोलापूरचा माल, माझा आठ महिन्यांचा हिशोब

मागवाला

नमस्कार मंडळी. लई दिवस झाले लिहीन लिहीन म्हणत होतो, आज सकाळपासून लाइट गेलीय, माग बंद आहेत म्हणून बसलो. आमचे अक्कलकोट रोड एमआयडीसीत आठ माग आहेत, टेरी टॉवेल (अंगावर दोऱ्याचे बारीक फासे असलेला) आणि नॅपकिन काढतो. वडिलांच्या काळापासून सगळा माल चाटी गल्लीत एका व्यापाऱ्याकडे जायचा, भाव त्यांनी सांगायचा, पेमेंट नव्वद दिवसांनी, आणि आपला टॉवेल शेवटी कुठल्या गावात कुणाच्या खांद्यावर जातो हे आम्हाला कधी कळलंच नाही. गेल्या डिसेंबरात सुताचं बिल आणि कामगारांची हजेरी एकाच आठवड्यात आली तेव्हा ठरवलं की थोडा तरी माल थेट विकायचा.

जानेवारीत गूगल अ‍ॅड्सचं खातं उघडलं. कीवर्ड, म्हणजे लोकांनी गूगलवर जे शब्द शोधले की आपली जाहिरात दिसावी ते, टाकले टॉवेल, चादर, सोलापूर चादर, टॉवेल ४०० जीएसएम (चौरस मीटरला ४०० ग्रॅम वजन). (चादर भावाकडून घेऊन विकणार होतो.) रोजचं बजेट ३०० रुपये. ११ दिवसांत ४१० क्लिक आले (कुणी जाहिरात दाबली की एक क्लिक, त्याचे पैसे आपण मोजायचे), ३,२८० रुपये गेले. क्लिक बघून मी खूश होतो, घरी सांगितलंसुद्धा की चारशे लोक दुकान बघून गेले. ऑर्डर एक नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर नऊ मेसेज, त्यातले चार जण नोकरी आहे का विचारणारे.

बाराव्या दिवशी रात्री जेवण झाल्यावर पहिल्यांदा सर्च टर्म्सचा रिपोर्ट उघडला, म्हणजे लोकांनी नेमकं काय टाइप केलं आणि आपली जाहिरात दिसली ती यादी. त्यात काय होतं बघा: 'चादर ट्रेक पॅकेज', 'चादर ट्रेक कधी सुरू', 'दर्ग्याची चादर किंमत', 'टॉवेलचा हत्ती कसा बनवायचा', 'टॉवेल कंपनी जॉब', 'जीएसएम मोबाइल अनलॉक'. लडाखला झंस्कार नदी गोठते, तिच्यावरून जानेवारी-फेब्रुवारीत लोक चालत जातात त्याला चादर ट्रेक म्हणतात, हे मला त्या रात्री कळलं. आणि होटेलवाले पलंगावर टॉवेलचा हत्ती करून ठेवतात तो शिकायला लोक गूगलवर येतात हेपण. या प्रत्येक माणसामागे मी सातआठ रुपये मोजले होते.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की कीवर्ड म्हणजे आपल्या मालाचं नाव नव्हे, गिऱ्हाइकाच्या तोंडातलं वाक्य आहे. ते ऐकायला शिकलो तेव्हा पैसे बुडायचे थांबले. पुढचं सगळं लिहितो, पण आधी कुणी हे केलंय का सांगा, म्हणजे एकतर्फी होणार नाही.

वाइंडिंगवाला

मालक, मी केलंय. माझं मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीची तार परत गुंडाळायचं छोटं दुकान आहे विजापूर रोडला. आपल्याकडं पाणी रोज येत नाही, त्यामुळं घराघरात बोअर, टाकी, मोटार, म्हणजे मला गिऱ्हाईक कमी नाही, पण ते समोरच्या माणसाला नंबर विचारत फिरतंय. जाहिरात दिली तर मला फोन कुठून येत होते माहितंय का, पुणे, नांदेड, एक तर सुरतेहून. कारण लोकेशनच्या सेटिंगमध्ये आधीपासून असं निवडलेलं असतं की त्या गावात असलेले किंवा त्या गावात रस दाखवणारे. पुण्यात बसून कुणी सोलापूर मोटार असं काही शोधलं तरी माझी जाहिरात. ते बदलून फक्त त्या ठिकाणी असणारे केलं. कुठं आहे ते पटकन दिसत नाही, लोकेशनच्या खाली बारीक अक्षरात पर्याय असतो तो उघडावा लागतो.

दुसरं म्हणजे 'मोटार वाइंडिंग डाटा'. हे शोधणारे सगळे माझेच भाऊबंद, कुठल्या मोटारीला किती टर्न, कुठला गेज, ते बघायला येणारे. मीपण शोधतो की. ते मला काम कशाला देतील? डाटा, डायग्राम, आयटीआय, कोर्स हे चार शब्द निगेटिव्हमध्ये, म्हणजे हे शोधलं तर माझी जाहिरात दाखवू नको अशा यादीत टाकले आणि निम्मा खर्च वाचला.

मागवाला

अगदी बरोबर. माझ्या निगेटिव्हच्या यादीत आज १८० च्या वर शब्द आहेत. ट्रेक, लडाख, दर्गा, जॉब, भरती, मोबाइल, अनलॉक, मशीन, फोटो, हत्ती, हंस (टॉवेलचा हंसपण करतात). एक गोष्ट लक्षात ठेवा, निगेटिव्हमध्ये एकवचन टाकलं तर अनेकवचन आपोआप धरत नाही, दोन्ही वेगवेगळे टाकायचे.

जुळे_सोलापूरकर

दादा मी बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझ्याकडे माल नाही, मला कीवर्ड रिसर्च शिकून घरबसल्या कमवायचं आहे. एका क्लासला १४ हजार भरले, त्यांनी सांगितलं की स्वस्त कीवर्ड शोधायचे, त्यावर जाहिरात लावायची, माणूस अ‍ॅफिलिएट लिंकवर (दुसऱ्याच्या मालाची लिंक) पाठवायचा, त्यानं तिथं खरेदी केली की कमिशन आपलं. दोन महिन्यांत साडेपाच हजार जाहिरातीत गेले, कमिशन आलं ३१० रुपये. घरी अजून सांगितलेलं नाही. माझं काय चुकतंय?

पुणेस्थित_सोलापूरकर

मी पुण्यात याच कामात आहे, सात वर्षं झाली, मूळचा मंगळवार पेठेतला. भावा, तुझं काही चुकलेलं नाही, तुला जे शिकवलं तेच लंगडं आहे. समजून घे. सर्चमध्ये क्लिकला पैसे द्यायची पद्धत अमेरिकेत १९९८ ला गोटू नावाच्या साइटने चालू केली, तिथं सरळ जो जास्त पैसे देईल तो वर. गूगलने ऑक्टोबर २००० मध्ये अ‍ॅडवर्ड्स आणलं, २०१८ ला त्याचं नाव गूगल अ‍ॅड्स झालं. सुरुवातीच्या वर्षांत स्वस्तात क्लिक घेऊन दुसऱ्याच्या साइटवर पाठवून लोकांनी पैसे कमावले हे खरं आहे, पण तुझ्या क्लासवाल्याने तोच जुना काळ तुला विकला.

आता प्रत्येक सर्चला लिलाव होतो, आणि त्यात नुसती बोली बघत नाहीत. तुझी जाहिरात किती लोक दाबतील असा अंदाज, जाहिरात आणि शोधलेले शब्द जुळतात का, आणि क्लिक केल्यावर उघडणारं पान कामाचं आहे का, या तीन गोष्टींवरून १ ते १० मध्ये क्वालिटी स्कोअर दाखवतात. माल ज्याचा स्वतःचा, पान ज्याचं चांगलं, त्याला तोच क्लिक तुझ्यापेक्षा कमी पैशात पडतो. तू मधला माणूस, तुझ्या पानावर आहे काय? दुसरीकडे जायची लिंक. म्हणजे तू महाग घेऊन स्वस्त विकतोयस. वरून अ‍ॅमेझॉनसारख्यांच्या नियमांत सर्चवर जाहिरात देऊन माणूस थेट त्यांच्या पानावर लिंकने पाठवायला मनाईच आहे, त्यात कमिशन अडकतं ते वेगळंच.

तुझं शिकणं वाया जाऊ देऊ नको. कुठला शब्द किती जण शोधतात ते सांगणारा गूगलचा कीवर्ड प्लॅनर चालवता येतो ना? मग वाइंडिंगवाल्यांसारख्या दहा दुकानदारांना जाऊन भेट. त्यांचं काम तू कर, महिन्याला ठरावीक पैसे घे. खातं आणि जाहिरातीचा खर्च त्यांच्याच नावावर ठेव, तुझा मेहनताना वेगळा. मीपण असंच चालू केलं होतं, पहिलं गिऱ्हाईक एक दातांचे डॉक्टर होते.

वाइंडिंगवाला

ये की दुकानावर पोरा. मला फोन उचलायलाच वेळ नसतो, जाहिरात कोण बघणार. महिन्याला दोन हजारापासून चालू करू.

जुळे_सोलापूरकर

काका खरंच येतो, उद्या संध्याकाळी. पण एक शंका आहे, प्लॅनरमध्ये मला आकडे नीट दिसत नाहीत, १०० ते १ हजार, १ हजार ते १० हजार एवढंच येतं.

पुणेस्थित_सोलापूरकर

जाहिरातीवर खर्च नसलेल्या किंवा कमी असलेल्या खात्याला असे ढोबळच आकडे दाखवतात. तेवढ्याने अडत नाही. आणि तिथं जे कॉम्पिटिशन लो, मीडियम, हाय लिहिलेलं असतं ते जाहिरातदारांच्या गर्दीबद्दल असतं, तुझ्या ब्लॉगला वर यायला किती अवघड त्याच्याशी संबंध नाही. यात लई जण फसतात. खरी माहिती बोलीच्या दोन रकान्यांत असते, वरच्या जागेसाठी कमी मोजणारे साधारण किती आणि जास्त मोजणारे साधारण किती मोजतायत. ज्या शब्दाला लोक महिनोन्‌महिने जास्त पैसे मोजतायत त्या शब्दातून कुणाला तरी धंदा मिळतोय असं धरायला हरकत नाही.

मागवाला

प्लॅनरपेक्षा मला फोनने जास्त शिकवलं. मार्चमध्ये बार्शीकडून एका काकांचा फोन आला, पुतणीचं लग्न आहे, आहेराला दोनशे टॉवेल-टोपी पाहिजे. मी म्हटलं टोपी नाही ओ आमच्याकडं. ते म्हणाले मग नुसता टॉवेल आहेराला कसा देणार? फोन ठेवल्यावर सुचलं की आपण आयुष्यभर लग्नात टॉवेल-टोपीच घेत आलो, आणि कीवर्डमध्ये मी लिहितोय टेरी टॉवेल मॅन्युफॅक्चरर. त्या दिवशी 'टॉवेल टोपी होलसेल', 'आहेराचे टॉवेल', 'लग्नासाठी टॉवेल टोपी' असे कीवर्ड टाकले, टोप्या ओळखीच्या दुकानातून ठोकात आणून ठेवल्या. प्लॅनरमध्ये यांच्यापुढं जवळजवळ आकडाच नव्हता. पण जे आले ते घ्यायलाच आले. एप्रिल-मे मध्ये क्लिक चारपाच रुपयांना पडत होता कारण तिथं दुसरं कुणी नव्हतंच. नंतर त्या बार्शीच्या काकांना फोन करून सांगितलं की टोपी आली, तर त्यांनी दुसरीकडून घेऊन झालं होतं. वाईट वाटलं.

तेव्हापासून एक वही केलीय. फोन आला की माणूस पहिल्या वाक्यात जे बोलतो ते जसंच्या तसं लिहून घेतो. सलूनवाला कधी टेरी टॉवेल म्हणत नाही, तो म्हणतो 'दाढीचे नॅपकिन'. होटेलवाला म्हणतो 'बाथ टॉवेल पांढरा, न झडणारा'. झडणं हा शब्द आमच्या डोक्यातच नव्हता. आम्ही जीएसएम सांगत बसायचो आणि त्याला एवढंच पाहिजे की धुतल्यावर तंतू अंगाला लागू नयेत.

पूर्वभाग

अण्णा, एक सांगतो. आमच्या घरी तेलुगू बोलतात, सगळे पाहुणे हैदराबाद, वरंगळ, करीमनगरला. तिकडं चादर म्हणत नाहीत, 'सोलापूर दुप्पटी' म्हणतात, लई असल्या तर दुप्पट्लू. मामा आले की चार दुप्पट्या बांधून नेतातच. तो शब्द टाकून बघा, तेलुगू लिपीत आणि इंग्रजी अक्षरातपण. आणि जुनी माणसं इंग्रजीत सोलापूर लिहिताना एस नंतर एच लावतात, शोलापूर, तेपण बघा.

पण मला एक खटकतंय. व्यापारी गेला आणि गूगल आला, फरक काय? तो भावात मारत होता, हा क्लिकमध्ये मारतो. आपला विणकर आहे तिथंच.

मागवाला

दुप्पटी! हा शब्द मी लहानपणापासून ऐकतोय आणि एकदाही टाकायचं सुचलं नाही. आज रात्रीच टाकतो.

तुमचा प्रश्न लई महत्त्वाचा आहे म्हणून पूर्ण हिशोब मांडतो. जुलै महिना. ६०० क्लिक, सरासरी १४ रुपये, म्हणजे ८,४०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी १,५१२. एकूण ९,९१२. चौकशी ४०, ऑर्डर ६, मिळून ८७ हजारांचा माल. आमचा नफा १२ टक्के धरा, १०,४४०. म्हणजे हातात राहिले ५२८ रुपये. जीएसटी नंबर गूगलच्या पेमेंट प्रोफाइलमध्ये टाकलेला आहे म्हणून ते १,५१२ रिटर्नमध्ये वळते होतात, ज्यांचा नंबर नाही त्यांना तो सरळ खर्च. तर धरा दोन हजार चाळीस.

एवढ्यावर थांबलं तर तुम्ही म्हणता तेच खरं, महिनाभर राबून दोन हजार. पण त्याच जुलैत आधीच्या महिन्यांतल्या पाच गिऱ्हाइकांनी परत माल मागवला, त्यात दोन सलून आणि एक लॉज, त्यांच्यासाठी जाहिरातीचा एक पैसा नाही, त्यातून नऊ हजाराच्या आसपास सुटले. व्यापारी प्रत्येक डझनामागे घेतो, जाहिरात त्या गिऱ्हाइकाच्या पहिल्या ऑर्डरला घेते. त्याचा नंबर माझ्या वहीत आला, माल चांगला दिला, अडीच महिन्यांनी आठवणीने मेसेज केला, की पुढचं माझं. आणि पेमेंट निम्मं आगाऊ, निम्मं ट्रान्सपोर्टची पावती दाखवली की. नव्वद दिवस नाहीत. खरं सांगायचं तर वडिलांना पैशापेक्षा त्याचंच जास्त अप्रूप आहे.

चटणी_ताई

दादा, मी घरून शेंगा चटणी आणि कडक भाकरी विकते, साखर पेठेत राहते. पाव किलोच्या पाकिटामागे मला ४० रुपये सुटतात. मी पण जाहिरात करू का? एकांनी महिन्याला आठ हजार सांगितलेत.

मागवाला

ताई, आठ हजार अजिबात देऊ नका. आधी कागदावर मांडा. माझ्याकडे १०० क्लिकमागे एक ऑर्डर येते आणि एका ऑर्डरला सरासरी १,७४० सुटतात, म्हणून एका क्लिकला मला जास्तीत जास्त १७ रुपये ४० पैसे परवडतात, त्याच्यावर गेलं की तोटा. तुमच्याकडे समजा १०० मधले तिघं एकेक पाकीट घेतील, तरी १२० रुपये सुटले. म्हणजे क्लिक १ रुपया २० पैशाला पडला तर कुठं बरोबरी. तेवढ्यात मिळणार नाही.

तुमच्यासाठी आधी फुकटचं करा, गूगलवर बिझनेस प्रोफाइल, तव्यावर भाकरी असलेले खरे फोटो, आणि नेहमीच्या गिऱ्हाइकांना दोन ओळी लिहायला सांगा. जाहिरात करायचीच असेल तर दिवाळीच्या आधी तीन आठवडे, ऑफिसात वाटायला पन्नास-शंभर पाकिटं घेणाऱ्यांसाठी, 'किमान २५ पाकिटं' असं हेडलाइनमध्येच लिहून.

चटणी_ताई

किमान लिहिलं तर लोक दाबणारच नाहीत ना?

मागवाला

तेच पाहिजे ताई. एक टॉवेल घेणाऱ्याने माझी जाहिरात दाबूच नये. माझ्या हेडलाइनमध्ये 'किमान ५० नग' आहे. ३० अक्षरांची मर्यादा असते, पण पंधरा हेडलाइन देता येतात, त्यातली एक यासाठी. क्लिक कमी झाले, ऑर्डर तेवढ्याच राहिल्या.

पुणेस्थित_सोलापूरकर

मागवाला यांनी फार मोलाचं लिहिलंय. थोडी भर घालतो, नवीन माणसं इथंच अडकतात. कँपेन बनवताना डिस्प्ले नेटवर्कची (दुसऱ्या साइट आणि अ‍ॅपमध्येही जाहिरात दाखवायची) खूण आधीपासून असते, ती काढा, नाहीतर पैसे गेम खेळणाऱ्या पोरांच्या अ‍ॅपमध्ये जातात. ब्रॉड मॅचने (तुमच्या शब्दाच्या आसपासचं काहीही शोधलं तरी जाहिरात) सुरुवात करू नका, फ्रेज (शोधात तुमच्या शब्दांचा अर्थ असला तर) आणि एक्झॅक्टने (तोच शोध असला तरच) करा, जरी आता एक्झॅक्टमध्येही तोच अर्थ असलेले दुसरे शब्द धरले जातात. भाषेचा पर्याय दिसत असेल तर मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही ठेवा कारण मराठीत शोधणाऱ्या बऱ्याच जणांच्या फोनची भाषा इंग्रजी असते. आणि रोजचं बजेट ३०० ठेवून एखाद्या दिवशी ५८० गेले तर घाबरू नका, एका दिवसात दुपटीपर्यंत जाऊ शकतं पण महिन्याला बजेटच्या ३०.४ पटीवर घेत नाहीत.

अजून एक, चादरीबद्दल. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे. म्हणून कुणीही उठून जाहिरातीत जीआय लिहायचं नाही, त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. बाहेरगावचा माल सोलापुरी म्हणून विकणारे आहेतच, निदान आपण तरी काटेकोर राहू.

मागवाला

हे मला माहीत नव्हतं, भावाला नोंदणीचं विचारतो. तोपर्यंत तो शब्द पानावरून काढलाय.

वाइंडिंगवाला

पोरगं आलं होतं कालच. दोन तास बसलं, माझे महिन्याभराचे सर्च टर्म बघितले. 'मोटार गरम होऊन बंद पडते' असं लोक शोधतात म्हणे, आणि मी लिहून बसलो होतो रिवाइंडिंग सर्व्हिस. लोकांना काय माहीत रिवाइंडिंग. सकाळी ८ ते रात्री ८ एवढाच वेळ जाहिरात ठेवलीय आता, रात्रीचा फोन मी उचलत नव्हतो आणि पैसे मात्र जायचे.

जुळे_सोलापूरकर

काकांनी पहिल्या महिन्याचे दोन हजार आगाऊ दिले. घरी सांगितलं सगळं, १४ हजारांचंपण. बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले काकांचे पैसे वाया जाऊ देऊ नको. शेजारच्या टेलरशी बोललोय, शाळेचे युनिफॉर्म शिवतात ते, गूगल ट्रेंड्समध्ये (कुठला शब्द कधी जास्त शोधतात ते दिसतं) बघितलं तर मे पासूनच चढतंय, म्हणून त्यांना एप्रिलमध्ये चालू करू म्हटलं.

मागवाला

दुप्पटीचं सांगायचं राहिलं. पाच दिवस झाले, ३१ क्लिक, दोन चौकश्या. एक काकू करीमनगरच्या, हिंदी फार येत नव्हती, मी फोन आमच्या मागावरच्या कामगाराकडे दिला, तो पद्मशाली, घरी तेलुगूच बोलतो. दोघं दहा मिनिटं बोलत होते, मला फक्त दुप्पट्लू आणि सोलापूर एवढंच कळत होतं. फोन ठेवून म्हणाला, मालक, साठ पाहिजेत, लाल आणि हिरव्या, तिच्या आईकडं होत्या तशा जाड, आणि पार्सल कुठल्या ट्रान्सपोर्टनं येणार ते विचारतेय. आज पैसे आलेत. भावाला माल लावायला सांगितलाय.